रिकाम्या काट्यावरचे एकशे दहा

मी नेमकं काय काम करते हे माझ्या वडिलांना मी इतक्यांदा समजावून सांगितलं आहे, की आता ते मलाच पाठ झालं आहे. बाबा दर वेळी चष्मा पुसत शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी विचारतात, "म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करतेस ना?" मी नाही म्हणते. "मग विकतेस?" तेही नाही. मग ते विषय सोडून देतात, आणि भिवंडीत कामतघरला आमच्या चाळीत कोणी विचारलंच तर सांगतात, "वडप्याला गोदामात असते." त्यामुळे बरीच वर्षं शेजाऱ्यांचा समज होता की मी खोकी मोजते.

खरी अडचण अशी की माझं काम नीट झालं तर ते कोणाच्या लक्षातच येत नाही. बिघडलं तर मात्र गेटवरच्या रखवालदारापासून मालकापर्यंत सगळे माझ्या नावानं शंख करतात. हे मी एकदा बाबांना वैतागून ऐकवलं, तर ते म्हणाले, "कोणाला कळू नये असंच काम करतेस म्हटल्यावर मला तरी कसं कळणार?" उभा जन्म शाळेच्या कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाचा हा युक्तिवाद. मी भांडी घासायला घेतली आणि मुद्दाम आवाज करत घासली.

आई गेल्यावर बाबा घरात नुसते बसून राहायचे. समोरच्या पॉवरलूमच्या कारखान्याकडे तोंड करून खुर्ची टाकायची आणि दिवसभर खटखट ऐकायची. पेपरसुद्धा उघडायचे नाहीत. मला ते बघवेना. म्हणून मी आमच्या शेठजवळ शब्द टाकला. शेठ म्हणजे वडप्याचेच जमीनदार. त्यांच्या भाताच्या खाचरांवर आता गोदामं उभी आहेत, आणि गेटजवळ त्यांनी गाड्यांचं वजन करायला मोठा काटा बसवला आहे. काट्याच्या केबिनमध्ये बसून वजन घ्यायला त्यांना विश्वासू माणूस हवाच होता. बाबा शाळेत होते एवढं कळल्यावर शेठनी त्यांना 'गुरुजी' करून टाकलं. बाबांनी आयुष्यात एकही तास शिकवलेला नाही हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण बाबांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी हसू दिसलं म्हणून मिटलं.

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून बाबा काट्यावर येऊ लागले. इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, आणि डोक्यावर मी जबरदस्तीनं घातलेलं हेल्मेट, जे त्यांना दर सकाळी अपमानासारखं वाटतं. गाडीवाले त्यांना खिडकीतून हाक मारत, चहा विचारत. हायवेवर कोणता काटा किती 'मारतो', म्हणजे वजनात फसवतो, हे सगळ्या ड्रायव्हरांना तोंडपाठ असतं. आमच्या काट्याबद्दल ते म्हणायचे, तिथे गुरुजी आहेत. एवढ्या एका वाक्यावर बाबांची झोप, भूक आणि चाल सगळं परत आलं होतं.

आता शेठच्या रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. काटा बसवला तेव्हा शेठच्या आईनं बजावलं होतं की काट्यानं दिवसाचं पहिलं वजन घरच्या माणसाचं घ्यायचं, परक्याच्या वजनानं बोहनी करायची नाही. त्यामुळे रोज सकाळी शेठ हातात नारळ घेऊन, चपला काढून, ट्रक उभा राहतो त्या लोखंडी पट्ट्यावर एकटेच उभे राहतात. बाबा वजन घेऊन आकडा मोठ्यानं पुकारायचे, नारळ फुटायचा, आणि मग पहिली गाडी चढायची.

पुढे डॉक्टरांनी शेठना वजन उतरवायला सांगितलं. शेठनी घरी जाहीर केलं की उतरलं, शंभराच्या खाली आलं. काट्याला हे मान्य नव्हतं. काटा दहाच्या पटीत बोलतो, आणि तो रोज एकशे दहा म्हणत होता. शेठचं म्हणणं पडलं की यात नारळाचं वजन धरलं जातंय. मग म्हणाले, काटा जुना झालाय. शेवटी त्यांनी खिडकीशी येऊन हळूच विनवलं की गुरुजी, शंभर बोला. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की तुम्ही म्हणत असाल तर मी गप्प बसेन, कोणालाही सांगणार नाही, पण शंभर म्हणणार नाही.

तेव्हापासून बोहनी मुकाट्यानं होऊ लागली. बाहेर गाडीवाल्यांसाठी लाल आकड्यांचा मोठा फलक आहे, तोसुद्धा शेठ खाली उतरल्यावरच सुरू करायचा असं ठरलं. त्यानंतरचं शेठचं खरं वजन बाबांना, मला आणि खुद्द शेठना एवढंच ठाऊक होतं. मला बाबांनी सांगितलं नव्हतं बरं का. सगळी वजनं माझ्याच सर्व्हरवर साठतात, आणि रोज सकाळी एकशे दहा किलोचं वाहन कुठलं हे कळायला फार बुद्धी लागत नाही.

हा सर्व्हर म्हणजे कचेरीच्या मागच्या खोलीत घरघरणारं एक धूड. बाहेरून ते एकच यंत्र दिसतं, पण आत पाच-सहा कॉम्प्युटर भाडेकरूंसारखे राहतात, आणि प्रत्येकाला वाटतं की सगळं घर आपलंच आहे. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यांचं नेटवर्क कार्ड, त्यांचं घड्याळ, त्यांना बाहेरच्या वायरी जोडण्याची भोकं, सगळं मानलेलं असतं, सॉफ्टवेअरनं भासवलेलं. त्यातलाच एक भाडेकरू काटा सांभाळायचा. बाबांनी केबिनमध्ये बटण दाबलं की हा काट्याला विचारणार, वजन किती? काटा उत्तर देणार, आणि ते बाबांच्या पडद्यावर आणि बाहेरच्या फलकावर उमटणार. काट्याला जोडलेल्या, वजन दाखवणाऱ्या छोट्या डब्यावरचे आकडे केव्हाच मावळले होते. शेठनी ते दुरुस्त केले नाहीत, कारण त्यांच्या मते आतून चालू होतं ना, मग झालं.

ते धूड म्हातारं झालं आणि नवा सर्व्हर आला. भाडेकरू हलवायचे होते. मी शेठना म्हटलं, काटा थोडा वेळ बंद ठेवू. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचं गोदामच मागितलं. मागे एकदा दुरुस्तीला काटा बंद ठेवला होता, तेव्हा सगळ्या गाड्या पलीकडच्या काट्यावर गेल्या आणि महिनाभर परतल्या नाहीत.

"बाय, काय पन कर," शेठ म्हणाले, "काटा थांबवायचा न्हाय."

आता, न थांबवता हलवणं हीच तर माझी विद्या. तिला लाइव्ह मायग्रेशन म्हणतात, आणि ती दाखवायला मी कधीपासून टपले होते. त्या संध्याकाळी मी बाबांना पुन्हा समजावायला बसले, आणि या वेळी समोरच्या कारखान्याकडे बोट दाखवलं. शिफ्ट बदलताना लूम बंद करतात का? नाही. नवा कारागीर चालत्या लूमशी येऊन उभा राहतो, जुना बाजूला होतो, कापड विणलं जातच असतं. माझंही तसंच. जुन्या सर्व्हरवर मशीन चालू असतानाच त्याच्या आठवणीची नक्कल नव्यावर नेत राहायची. मशीन चालू आहे म्हणजे नेलेल्यातलंही काही बदलत राहणार, ते पुन्हा न्यायचं. शेवटी पापणी लवेल एवढाच वेळ त्याला थोपवायचं, उरलंसुरलं पलीकडे टाकायचं आणि तिकडे चालू करायचं.

पण त्या क्षणात एक नाजूक भाग असतो. जाणारा कारागीर येणाऱ्याच्या कानात ओरडून सांगतो ना, की या लूमचा धागा सारखा तुटतोय, त्याची कांडी संपत आलीय? तसं त्या मानलेल्या यंत्रांपैकी प्रत्येकानं सांगावं लागतं की माझं काय अर्धवट राहिलंय. नेटवर्क कार्ड सांगणार, एवढं पाठवून झालं, एवढं बाकी. वायरीचं भोक, म्हणजे पोर्ट, सांगणार, मी एक प्रश्न विचारलाय, उत्तर यायचंय. हे सगळं सांगणं म्हणजे डिव्हाइस स्टेट. ते पोचलं नाही तर आठवण शाबूत राहूनही मशीन गोंधळतं.

बाबांनी मन लावून ऐकलं. म्हणाले, "मग यात तू कारागीर की मुकादम?"

मी म्हटलं, "मी ते कानात ओरडणं."

त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विक्रीबद्दल विचारलं नाही. फक्त एवढंच विचारलं, की तू हे करत असताना मी काय करू? मी मोठ्या ऐटीत सांगितलं की तुम्ही तुमचं चालू द्या, कोणाला कळणारसुद्धा नाही. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं तर तळमजल्यावरच होतं, तरी आणखी खाली गेलं.

दुपार निवडली. दिवसा मोठ्या ट्रकना रस्त्यावर बंदी असते, तेव्हा काट्यावर फक्त टेम्पो असतात. मी मागच्या खोलीत समोसा आणि चहा घेऊन बसले आणि काट्याच्या मशीनला नव्या घरी धाडलं. पडद्यावरची पट्टी भरत गेली, एकदा अडली, पुन्हा सरकली आणि संपली. खाली लिहून आलं की स्थलांतर यशस्वी. मी समोशाचा शेवटचा तुकडा विजयानं तोंडात टाकला. या खोलीत माझं कौतुक करायला कोणी नसतं, म्हणून ते मीच केलं.

त्या नेमक्या क्षणी केबिनमध्ये काय घडलं ते मला मागाहून उलगडलं. काट्यावर एक टेम्पो चढला होता. मी चालू द्या म्हटलेलं असल्यामुळे बाबांनी चालू दिलं, म्हणजे बटण दाबलं. आणि बाबा कोणतंही बटण दोनदा दाबतात. दाराची बेल दोनदा, मिक्सर दोनदा, मोबाइलवर माझा नंबरसुद्धा दोनदा, म्हणून तो नेहमी कट होतो. जुन्या मशीनला याची सवय होती. एक प्रश्न गेलाय, उत्तर यायचंय, तोवर दुसरं दाबणं मनावर घ्यायचं नाही, असं त्याचं पोर्ट लक्षात ठेवायचं. या वेळी पहिलं बटण जुन्या घरात दाबलं गेलं आणि दुसरं नव्या घरात. जुन्या पोर्टानं ओरडून सांगितलं की एक प्रश्न गेलाय. नवा सर्व्हर नव्या धाटणीचा, त्याच्या पोर्टाला या जुन्याची बोली समजली नाही, आणि त्यानं ते सोडून दिलं. मग दुसराही प्रश्न गेला. काट्यानं गरीब बिचाऱ्यानं दोन्हींना उत्तरं दिली. एक उत्तर पडद्यावर आलं आणि एक रांगेत उरलं.

त्याच्यानंतर आलेल्या टेम्पोचं बटण दाबलं तेव्हा हे उरलेलं उत्तर पुढे झालं, आणि त्या टेम्पोचं स्वतःचं वजन रांगेत जाऊन बसलं. ते त्याच्या मागच्याला मिळालं. असं प्रत्येक गाडीला आपल्या आधीच्या गाडीचं वजन मिळू लागलं. सगळे टेम्पो भरलेले, सगळे साधारण सारखे, त्यामुळे आकडे दिसायला अगदी सज्जन होते. मी मागच्या खोलीत चहा संपवत होते.

मग गेटवरून आवाज चढला. मी धावत केबिनमध्ये गेले तेव्हा खिडकीशी अंजूरच्या गोदामातून रोज माल आणणारा टेम्पोवाला उभा होता. हा बाबांचा लाडका. ईदचा शीरखुर्मा न चुकता आणायचा. रोज तीच खोकी, तेवढीच खोकी, त्याला आपलं वजन झोपेतही सांगता आलं असतं. आज ते बरंच कमी दाखवलं होतं. कमी म्हणजे माल उतरवून घेणारे म्हणणार की यानं वाटेत खोकी विकली. त्याच्या रोजीवरच गदा. आणि त्याच्या मागच्याचं जास्त आलं होतं, म्हणून तोही खाली उतरून हात नाचवत होता.

पण आमचा टेम्पोवाला ओरडत नव्हता. तेच वाईट होतं. तो खिडकीत वाकून हळू आवाजात म्हणाला, "गुरुजी, आप भी काटा मारने लगे?"

बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. आई गेली तेव्हाही ते एवढे एकटे दिसले नव्हते. ते पडद्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हाताकडे, जणू तो हात दुसऱ्याचा आहे. मी म्हटलं, बाबा, तुमचं काही चुकलेलं नाही, मी बघते. पण काय बघायचं ते मलाच कळत नव्हतं. माझा पडदा अजून यशस्वी म्हणत होता, आणि त्याच्या कानशिलात मारावीशी वाटत होती.

तेवढ्यात शेठ आले. मागोमाग त्यांची बायको, जेवणाचा डबा घेऊन. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणतो. पूर्वी डबा रखवालदाराबरोबर यायचा. डबा परत जाताना त्याला वडापावाचा वास येतो हे लक्षात आल्यापासून वहिनी तो स्वतः घेऊन येतात आणि संपेपर्यंत समोर बसतात.

शेठनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. ते म्हणाले की काटा खोटा की खरा हे मी आता दाखवतो, माझं वजन मला ठावं आहे. टेम्पो मागे घ्यायला लावला, चपला काढल्या, आणि भर दुपारी, नारळाशिवाय, ते तरातरा पट्ट्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. रागाच्या भरात बाहेरचा फलक चालू आहे हे ते साफ विसरले.

बाबांनी बटण दाबलं. अर्थात दोनदा. फलकावर लाल आकडे उजळले. चार हजार दोनशे ऐंशी.

मग रांगेतल्या टेम्पोंमधून हसू फुटलं. वहिनींनी फलकाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या की मी तर नुसती भाजी-भाकरी देते.

शेठ लाल होऊन खाली उतरले. मला काही सुचेना. आमच्या कामात काही सुचलं नाही की सगळं रिकामं करून बघतात, म्हणून मी बाबांना सांगितलं, आता काट्यावर काही नसताना दाबा. काट्यावर खरंच काही नव्हतं. एक कावळा होता, तोही बाबांनी हुसकला. बाबांनी दाबलं.

एकशे दहा.

हा आकडा मी ओळखला. तो रोज सकाळी माझ्या सर्व्हरवर पहिला येतो. मी शेठकडे पाहिलं, शेठनी बाबांकडे पाहिलं, आणि बाबा पडद्याकडे बघत राहिले. पण रांगेतल्या माणसांना त्यात वेगळंच दिसलं. रिकाम्या काट्यानं वजन दाखवणं हा तर काटा मारण्याचा सगळ्यात जुना आणि ओळखीचा प्रकार. मागच्या टेम्पोवाल्यानं फलकाकडे बोट करून सगळ्यांना दाखवलं की बघा, खाली काटे पे एक सौ दस, रोज इतनेका चुना लगाते होंगे. बाकीचे केबिनकडे सरकू लागले.

बाबांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. हे वजन शेठचं आहे, बस. पण त्यांनी शेठना शब्द दिला होता की कोणाला सांगणार नाही, आणि पाच पावलांवर वहिनी उभ्या होत्या. मी तोंड उघडलं, तर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते आपोआप मिटलं. दुसरं काहीतरी काट्यावर ठेवून शेठचं नाव न घेता मला काट्याचा घोळ सिद्ध करता आला असता. एखादी मोटारसायकल, रखवालदार, काहीही. हे मला त्या रात्री दात घासताना सुचलं.

बाबांनी चष्मा काढला. घडी घातली, घरात ठेवला आणि टकदिशी झाकण लावलं. शाळेतही ते शेवटचा निर्णय सांगताना असंच करायचे म्हणे. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "शेठ, दुसरा माणूस बघा. माझाच हात चुकला असणार. आता माझ्याच्यानं होत नाही."

ते कोणावर रागावून बोलत नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं. मला ती खुर्ची दिसली, कारखान्याकडे तोंड केलेली.

शेठ तिथेच अनवाणी उभे होते. त्यांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातात डबा तसाच होता. मग ते वळले, दोन्ही हात वर केले आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"तो एकशे दहा माजा हाय. सकाली पन एवराच व्हता. गुरुजींना मीच गप ऱ्हावाला सांगलेला."

आणि तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. शेठ काट्यावर असताना आलेलं चार हजार दोनशे ऐंशी हे त्यांच्या आधीच्या टेम्पोचं होतं, आणि काटा रिकामा असताना आलेलं एकशे दहा शेठचं. काटा खोटं बोलत नव्हता. तो एक पाऊल मागचं खरं बोलत होता. मी खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ते सगळ्यांना सांगायला लागले, मराठीत, हिंदीत, हातवाऱ्यांत. पोर्ट, स्थलांतर, यातलं कोणाला काही कळेना. मग मी शिफ्टवर आले. पुराना कारीगर गया, नये को बताकर नहीं गया, म्हणून सबको अपने आगेवाले का वजन मिला. भिवंडीत हे कोणाला समजवावं लागत नाही. निम्म्या रांगेनं कधी ना कधी लूम चालवले होते. आमचा टेम्पोवाला तर म्हणाला की त्याच्या भावाचं यावरूनच एकदा डोकं फुटलं होतं.

मी मागच्या खोलीत पळाले. मशीनचं ते मानलेलं पोर्ट काढून पुन्हा लावलं, म्हणजे वायरीला बोटही न लावता उपटलं आणि बोट न लावता खुपसलं. रांगेत अडकलेलं उत्तर गळून पडलं. रिकामा काटा शून्य दाखवू लागला. सगळ्या टेम्पोंचं वजन पुन्हा घ्यायचं ठरलं, पण केबिनमध्ये कोणी बसेना. शेठनी बाबांच्या हातातलं चष्म्याचं घर घेतलं, उघडलं आणि चष्मा त्यांच्यापुढे धरला. बाबांनी तो घेतला.

टेम्पोवाल्याचं वजन रोजच्याइतकंच भरलं. तो खिडकीशी आला, कान पकडले आणि म्हणाला, "माफ करना, गुरुजी."

बाबा म्हणाले, "पुढे घ्या, मागे गाडी आहे."

वहिनींनी शेठना काय सुनावलं ते मला माहीत नाही. त्या दोघांनी कचेरीचं दार लावून घेतलं होतं. डबा मात्र त्या दिवशी पूर्ण संपला, एवढं रखवालदारानं सांगितलं.

संध्याकाळी बाबांना स्कूटरवर मागे बसवून मी निघाले. मी हेल्मेटच्या आत रडत होते. हेल्मेटचा हा एक उपयोग मी त्यांना अजून सांगितलेला नाही. माणकोलीच्या पुढे गर्दीत थांबलो तेव्हा ते मागून म्हणाले, "तू म्हणाली होतीस, कोणाला कळणार नाही."

"हो, बाबा."

"बरं झालं कळलं," ते म्हणाले. पुढे घरापर्यंत त्यांनी मला शिफ्टबद्दल इतके प्रश्न विचारले की मी दोनदा वळण चुकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ बोहनीला आले तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. नारळ वहिनींनी धरला होता, काट्याच्या बाहेर उभं राहून, म्हणजे वजन नारळावर ढकलायची सोय नको. शेठ चपला काढून पट्ट्यावर चढले. फलक चालू करू नये म्हणून बाबांचा हात सवयीनं बाजूला राहिला होता. शेठनी काट्यावरूनच मान हलवली आणि म्हणाले, "फलक लावा. आनि मोठ्यानं बोला, गुरुजी."

बाबांनी बटण दोनदा दाबलं. चष्मा सारखा केला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि रांगेतल्या शेवटच्या टेम्पोपर्यंत पोचेल अशा आवाजात पुकारलं, "एकशे दहा."

शेठ खाली उतरले, नारळ फुटला, आणि पहिली गाडी काट्यावर चढली.